पांढरं कापड कोणाचंच नसतं

८ नोव्हेंबर

बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. मीही आहे, एक गुडघा सोडला तर.

कामापुरतं लिहितेय. कापडावरचे पानांचे छाप फिके येताहेत. निलगिरीचा तो तांबडा रंग, ज्याच्यासाठी लोक इतक्या लांबून आपल्या शिबिराला यायचे, तो आता नुसता गुलबट येतो, तोही कडेकडेला. तुरटी बदलून पाहिली. विहिरीचं पाणी सोडून तळ्याचं घेतलं. पानांनाही दोष देऊन झाला. टबात उकळलेली कापडाची गुंडाळी थंड झाली की बाया ती सोडतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी आपली 'वाळल्यावर उठून दिसेल' असं ठोकून देते. वाळल्यावर आणखी फिकं होतं, पण तोवर त्या बसमध्ये बसलेल्या असतात. तेव्हा तुरटी किती घालायचीस ते कळव. तू ती कधी मोजलेली मी पाहिली नाही, मुठीने घालायचीस. तुझी मूठ म्हणजे किती, हे मी कोणाला विचारू?

शिकवायला तुझ्या भाचीने एक मुलगी शोधून पाठवली आहे. चांगली आहे, मन लावून करते, खोटं कशाला बोलू. पण कात्री उचलण्याआधी श्वास घ्या, पान ठेवण्याआधी श्वास घ्या, दोरी बांधण्याआधी श्वास घ्या. मी मनातल्या मनात तिला श्वासवाली म्हणते. परवा तिच्यासमोरच तोंडातून निघून गेलं. हसली बिचारी. तुझा दादा असता तर म्हणाला असता, 'अहो, इथवर आलेत म्हणजे वाटेतही घेतच आले असतील.'

दुसरं म्हणजे, जानेवारीच्या अखेरीला लेक मला न्यायला येणार आहे. कायमचं. शिबिराची शेवटची तुकडी झाली की शेडला कुलूप. तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

पत्र तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकतेय. अजून तिथेच असशील असं धरून.

वहिनी


२३ नोव्हेंबर

बारके,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी पोस्टमन फाटकाला सायकल टेकवतो तेव्हा मी उगीच केस सारखे करते. त्याला वाटत असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय.

लेक का नेतेय ते मागच्या वेळी लिहिलं नाही. पावसाळ्यात शेडच्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला आणि मी बसकण मारली. उठता येईना. दूधवाला येईपर्यंत तिथेच बसून होते, एका गोगलगायीशी गप्पा मारत. दूधवाल्याने लेकीला कळवलं आणि ती धावत आली. एकटीने राहायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. 'दुसरं कोणी सोबतीला असतं तर मी एक शब्द बोलले नसते, आई,' म्हणाली. ते दुसरं कोणी म्हणजे कोण, ते तिनेही उच्चारलं नाही आणि मीही नाही.

तर मी आवराआवर काढली आहे आणि आवरत काहीच नाही. एक वस्तू उचलायची, बसायचं, तिचा विचार करायचा, परत तिथेच ठेवायची. असं चाललंय. आज आपला पहिला टब सापडला. आठवतोय? लेकीच्या अंघोळीचा जस्ती टब. तुझ्या दादाने निवृत्त होऊन ही जुनी डेअरी घेतली तेव्हा आपल्याकडे भांडी होती घरातलीच. चित्रकलेच्या मास्तरांनी गाई बांधायच्या शेडमध्ये शिबिरं काढायची म्हणजे वेड लागल्याचीच लक्षणं, असं माझा भाऊ उघड म्हणाला होता. मीही म्हणाले असते, पण तू आधीच चुना भिजवायला घेतला होतास.

आणि ती पहिली तुकडी! एकाच बँकेतली सगळी माणसं, साहेबासकट. तुझ्या दादाने त्यांना सकाळी बाहेर काढलं. म्हणाला, जमिनीवर पडलेलं काहीतरी एक घेऊन या, तोडायचं काही नाही. मग ते समोर ठेवायचं आणि कागदाकडे न बघता काढायचं. बघायचं फक्त वस्तूकडे. साहेबांनी शंख आणला होता, गोगलगायीचा, रिकामा. बराच वेळ काढत बसले, मग खाली कागदाकडे पाहिलं आणि रडायलाच लागले. चित्र म्हणजे नुसता गुंता होता. पण म्हणाले, शाळा सुटल्यानंतर आज पहिल्यांदा एखादी वस्तू नीट पाहिली. तुझा दादा एवढा गांगरला की त्यांना खडूचा डबाच देऊन टाकला. संध्याकाळी तळ्याच्या मातीचे वाडगे केले, ते सगळे तडकले. पानांचा टब आपण बोलण्याच्या नादात विसरलो, तो कोरडा पडून करपला. जाताना मात्र सगळे पुढच्या वर्षीचं विचारत होते. तडकलेले वाडगे कागदात गुंडाळून घेऊन गेले.

आणि पांढऱ्या कापडाची ती दहशत. आठवलं की मी अजून एकटी हसते. तुझ्या तडाख्यातून काही सुटायचं नाही. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, खिडकीचे पडदे. जावई लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आला, सकाळी बघतो तर पायजमा गायब. संध्याकाळी तो तारेवर वाळत होता, दोन्ही पायांवर गुलाबाची पानं. तुझा दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'या घरात पांढरं कापड कोणाचंच नसतं, बाबा.' जावयाने तो पायजमा फाटेपर्यंत वापरला. चांगला माणूस आहे.

तुरटीचं कळव.

वहिनी


१४ डिसेंबर

बारके,

दोन पत्रं आडून आडून लिहून झाली. आज सरळ लिहिते. वाचायचं नसेल तर इथेच थांब.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. तुझा दादा जाऊन पंधरवडा झाला असेल. तुकडी आधीच ठरलेली होती. ती रद्द नको असं तू म्हणालीस आणि मलाही पटलं, घरात माणसं असलेली बरी. मी त्याच्या कागदपत्रांसाठी गावात जायला निघाले होते. निघण्याआधी त्याचे शर्ट धुऊन तारेवर टाकले. आठवण म्हणून वगैरे नाही, मळके होते म्हणून. त्याचं ते अर्ध्या बाह्यांचं पांढरं, ज्यावर खडूची भुकटी दिसत नाही म्हणून तो दुसरं काही घालायचा नाही.

तू तारेवरचे कपडे काढलेस. रोज काढायचीस तसेच. पांढरं सुती हाताला लागलं की तुझी पावलं शेडकडे वळायची, त्यात डोकं लागायचं नाही. त्या दिवशी तर डोकं कोणाचंच ठिकाणावर नव्हतं. तू गठ्ठा टेबलावर ठेवलास. त्या बायांना काय माहीत? त्यांनी ते शिवणीवरून फाडले, पानं मांडली, काठ्यांवर गुंडाळले, दोऱ्या आवळल्या.

मी परतले तेव्हा टबातून वाफ येत होती. टेबलाखाली एक कॉलर पडलेली होती. तिच्या आतल्या बाजूला तो पिवळट डाग, जो मला कधी पूर्ण काढता आला नाही.

मी कॉलरकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग खाली पाहिलंस. तेव्हा तुझ्या लक्षात आलं. तुझा तो चेहरा मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. आणि मी म्हणाले, 'गॅस बारीक कर, पाणी आटेल.'

दुसऱ्या दिवशी तू पाहुण्यांच्या बसने निघून गेलीस. म्हणालीस, 'वहिनी, मला इथे तोंड दाखवायला जागा राहिली नाही.'

मला राग आला होता. 'छे छे, राग कसला' असं मी लिहिणार नाही. खूप राग आला होता. कपाटात त्याचं एकही वस्त्र उरलं नाही. मी त्याच्या हँगरांकडे बघत बसायचे. त्या रागात सुद्धा मला हे कळत होतं की मुद्दाम तू काही केलेलं नाहीस, आणि तो तुझा भाऊ होता, माझ्याआधी तुझा होता. पण कळून राग जात नाही. तो आपल्या सवडीने जातो. तू थोडी थांबायला हवी होतीस, बारके. मला तुझ्यावर चिडायचं होतं आणि चिडायला तू समोर नव्हतीस. नवरा गेला, आणि जिच्या गळ्यात पडून रडायचं ती नणंद तोंड लपवून गेली. मग मी भांड्यांवर चिडले. दोन पातेल्यांना पोचे आले आहेत.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण त्या दिवशी सगळे गुंडाळ्या सोडत होते तेव्हा तू खोलीचं दार लावून बसली होतीस. मी होते तिथे. तसा रंग मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. विटेसारखा लाल, पानांची शीर न् शीर दिसत होती. गुलाबाच्या पानांचे दातेसुद्धा. श्वास रोखून बघत होत्या त्या बाया. मला त्यांना सांगता आलं असतं की हे परत द्या. नाही सांगितलं. आनंदाने घेऊन गेल्या. कोणाच्या तरी खिडकीला असेल, कोणाच्या तरी उशीला असेल. त्यांना कधी कळणार नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, हे मी आत्ता लिहिताना मलाच कळतंय.

वहिनी


३ जानेवारी

बारके,

आलं. पोस्टमनने लांबूनच हात हलवला.

दीड वर्षानंतरचं तुझं पत्र मी इथे उतरवून काढते, म्हणजे तुला स्वतःची थोडी लाज वाटेल: 'वहिनी, तुरटीचा दोष नाही. दुकानातल्या नव्या कापडाला खळ असते, रंग आत शिरत नाही. सोडा घालून उकळून घे, दोनदा. नाहीतर जुनं कापड घे. जितकं जास्त धुतलेलं तितका छाप गडद. बारकी.'

ना ख्यालीखुशाली, ना गुडघ्याची चौकशी. आपल्या घराण्याचं हे असंच. तुझ्या दादाने मला मागणी घातली तीसुद्धा 'तुला पायी चालायला आवडतं का' असं विचारून.

पण मग मी ते दुसऱ्यांदा वाचलं आणि खुर्चीत बसले. जितकं जास्त धुतलेलं. आख्ख्या संसारात ते शर्ट मीच धुतले, बारके. शाई निघेना म्हणून, माती निघेना म्हणून, तो डाग निघेना म्हणून. आदळून, उकळून, उन्हात टाकून. म्हणूनच त्या दिवशी तसा रंग चढला. शर्ट त्याचे, धुणं माझं आणि गुंडाळीची रीत तुझी. आणि तू हे सगळं ओळखूनच लिहिलंयस, मला खात्री आहे. सोड्याचं वाक्य उगीच आहे. खरं सांगायचं होतं ते तू शेवटी ठेवलंस.

मी दिवसभर कामाला हात लावला नाही. दूधवाल्याने विचारलं बरं नाही का. म्हटलं, बरं आहे, फार बरं आहे.

आता नवं कापड का आणायला लागतं तेही ऐक. तू गेल्यापासून घरातलं पांढरं घरातच राहतं. कोणी काही पळवत नाही. पडदे पांढरे, अभ्रे पांढरे, चादरी पांढऱ्या. दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं. लेक दुकानातून कापडाचा तागा मागवते, तोही खळीचा. काल मी सोड्यात उकळून पाहिला, दोनदा. छाप आला. तसा नाही, पण आला. श्वासवालीने टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, हे गुपित कुठून मिळालं? म्हटलं, घरातलंच आहे.

खोक्यांत सामान भरणं चालू आहे. तुझी खोली मी उघडलेली नाही. ती कोणी भरायची, तुझं तू बघ.

शेवटची तुकडी चोवीस तारखेला येते. लेक त्यानंतरच्या रविवारी. तुला ये म्हणत नाही. म्हटलं आणि तू आली नाहीस तर मला ते झेपायचं नाही, म्हणून म्हणत नाही. एवढं कळव म्हणजे झालं की तू वाचतेस.

वहिनी


२७ जानेवारी, सकाळी

बारके,

एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली. हे तुझ्या दाराखालून सरकवते आणि पळून जाते. पळून म्हणजे माझ्या गुडघ्याला जमेल तसं.

त्या दिवशी बसमधून ती सगळी माणसं उतरली आणि शेवटी तू उतरलीस, हातात ती तपकिरी पिशवी. नावनोंदणी लेकीकडे असते. तिला ठाऊक होतं आणि तिने मला सांगितलं नाही. तुम्ही आत्या-भाची दोघीही पक्क्या आहात. मी सगळ्यांना म्हणते तेच म्हटलं, 'या, दमला असाल.' आणि तू म्हणालीस, 'नाही, फारसं नाही.' नणंदेला अहो-जाहो करायची माझी ही पहिलीच वेळ. तू पाहुण्यांच्या खोलीत पिशवी ठेवलीस. मी पाहुण्यांचा टॉवेल दिलास— दिला, बघ, लिहायलाही येईना. मग तीन दिवस आपण दोघी 'मीठ देता का' आणि 'पाणी गरम आहे का' यांवर काढले. एवढं सभ्य मी माझ्या व्याह्यांशीही बोलले नाही.

शेडच्या खिडकीतून मी बघत होते. श्वासवाली म्हणाली श्वास घ्या आणि तू शहाण्या मुलीसारखा घेतलास. तिने पान उलटं ठेवायला सांगितलं, तू उलटं ठेवलंस, आणि तुझ्या ओठाचा कोपरा हलला तो फक्त मला दिसला. पण मग त्या टकल्या गृहस्थाची गुंडाळी ढिली होती. तू त्याच्याशी गप्पा मारत होतीस, आणि बोलता बोलता, न बघता, ती काठी गुडघ्याखाली दाबलीस आणि दोरी आवळलीस. तुझा हात तसाच आहे. श्वासवाली धावत स्वयंपाकघरात आली. 'काकू, या बाई आधी कुठे शिकल्यात का?' मी म्हटलं, 'असतील कुठेतरी.' ती गेल्यावर मी दार लावून पोटभर रडले. बरं वाटलं.

काल जेवल्यावर तू तुझं ताट धुतलंस आणि पाहुण्यांच्या मांडणीत ठेवलंस. ते मात्र मला लागलं.

आता ऐक. मी आत्ता लेकीला फोन केला. म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, 'आत्या राहतेय?' मी म्हटलं, 'तिला मी विचारलेलंच नाही.' 'मग?' 'मग काही नाही. मी इथेच राहणार. पायरीला कठडा बसवून दे, आणि दूधवाल्याकडे एक किल्ली देऊन ठेवते. पडले तर पडले.' मला वाटलं आता ती रडेल नाहीतर ओरडेल. तर म्हणाली, 'कठडा उजव्या बाजूला हवा की डाव्या?' तिचा बापच बोलला असं वाटलं मला.

हे आधी उरकलं आणि मग तुला लिहायला बसले, कारण माझं ओझं तुझ्या डोक्यावर नको. आता तू बसमध्ये बसलीस तरी मला कोणी नेत नाही. तेव्हा मी पडेन म्हणून राहू नकोस. शर्टांची भरपाई म्हणून तर मुळीच राहू नकोस, तसली मान खाली घालून वावरणारी नणंद मला घरात नको. राग जवळजवळ संपलाय. थोडा असेल कुठे तळाशी, तो तुझ्यासमोर निघाला तर निघू दे.

पण मला तू हवी आहेस, बारके. लेकीला तो बाप म्हणून आठवतो, शिबिराच्या लोकांना सर म्हणून. तो हसताना गाढवासारखा आवाज काढायचा, कात्री हरवली की तीच कात्री हातात घेऊन घरभर शोधायचा, पाऊस येणार असं छातीठोक सांगायचा आणि कधीही यायचा नाही, हे मी कोणाला सांगू? सांगितलं तर लोक नुसते सहानुभूतीने बघतात. हसायला तूच लागतेस. दीड वर्षात त्याच्यावर कोणी हसलेलं नाही या घरात.

बस दुपारी आहे. सगळ्यांना मी फाटकापर्यंत सोडायला जाते, तसं तुलाही सोडायला येईन, आणि 'पुन्हा या' म्हणेन. पण ते म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

उत्तर लिहू नकोस. तुझी उत्तरं चार ओळींची असतात आणि मला ती पुरत नाहीत. मी चहा टाकायला जातेय. स्वयंपाकघरात ये, आणि साखर जास्त झाली, दूध कमी पडलं, काय वाटेल त्यावरून माझ्याशी भांड. पाहुणे भांडत नाहीत.

वहिनी